मालूची जोडीदार

मुलींचे वसतिगृह, मुरबाड
रविवार, ७ जुलै २०२४

ती. सौ. जनीवहिनीस,
सावळीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नको. मी धडधाकट आहे. फोन केला असता, पण आपल्या जांभूळटेपाला रेंज पायजे तर तुला टेकडी चढावी लागते, आणि वर पोचलीस की दादा फोन हातातून घेतो आणि खर्डी स्टेशनापर्यंत ऐकू जाईल असा ओरडतो. आज सांगायचंय ते तुला एकटीला सांगायचंय, म्हणून कागद.

आमच्या वसतिगृहात जूनपासून ज्युदो सुरू झालाय. कुस्तीचाच भाऊ समज. जाड कापडाचा कोट घालतात आणि त्या कोटाला धरून समोरच्याला मॅटवर पाडतात. शिकवायला कल्याणहून प्रेमा मॅडम येतात, दुपारच्या एसटीनं. वय सव्वीस, अंगानं काटकी, पण धरलं की सुटता येत नाय. तेरा मुली नाव देऊन बसल्या. वजनावरून जोड्या लावल्या तर मालू एकटी उरली. मालू कसाऱ्याकडची, नववीतली, अडुसष्ट किलोची. अशी लाजरी, की वाढताना दुसरी भाकरी आपणहून मागणार नाय. बाकीच्या सगळ्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्या. त्या तिला पाडायला जातात आणि तिच्याच खांद्याला लोंबकळून राहतात.

मॅडमनी सगळीकडं नजर फिरवली आणि ती स्वयंपाकघराच्या दारात माझ्यावर येऊन थांबली. विचारलं, मावशी, वजन किती. मी सांगितलं, दवाखान्यात सत्तर भरलं होतं. म्हणाल्या, मग या की.

वहिनी, मी गेले गो! डाळ शिजत टाकून गेले. महिनाभर नुसतं पडायलाच शिकवलंय. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि पडता पडता हात मॅटवर जोरात आपटायचा, म्हणजे डोक्याला मार बसत नाय. एक्केचाळीस वर्षांची बाई रोज चार वाजता मुद्दाम पडते आणि साडेपाचला उठून भात टाकते. आता मालू मला फेकते. छान फेकते.

दादाला यातलं अक्षर सांगू नको. पोरांना गोड पापा. माझ्यावरची माया कमी करू नको, सध्या अंग फार ठणकतंय.

तुझी,
सावळी


जांभूळटेप, खर्डी
२३ जुलै २०२४

चि. सावळीस,
जनीचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्र चुलीपाशी वाचत होते. "डाळ शिजत टाकून" वाचलं आणि असं हसू आलं, की तुझ्या दादानं विचारलंच काय झालं. मला काय लपवता येत नाय, तुला ठाऊक आहे. सगळं वाचून दाखवलं.

दोन दिवसांनी भाताची आवणी चालू असताना, चिखलात उभ्या उभ्या, म्हणाला की हात मोडला तर शंभर पोरींच्या पोटाचं काय, आणि या वयात तिला कोण बघणार. मी बोलले, आपण बघू. तर म्हणाला, ते झालंच, पण तरी. सावळे, तो रागावलेला नाय, घाबरलेला आहे. तुझा नवरा गेला तेव्हापासून तुझ्या नावाचा फोन वाजला की त्याचा चेहरा उतरतो.

मला मात्र एक सांग. एवढी फेकून घेतेस, तू कधी फेकणार? का नणंदबाई नुसती गादी होऊन राहणार?

शेजारच्या सकुबाईनं तुझ्यासाठी रानातली शेवळाची भाजी वाळवून ठेवलीय, येशील तेव्हा ने. जपून पड.

तुझी वहिनी,
जनी


मुरबाड
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

ती. सौ. जनीवहिनीस,
सा. न. वि. वि.

गादी म्हणालीस ते जिवाला लागलं. मॅडमना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं की मला पण फेकायला शिकवा. त्यांनी एकच डाव दिलाय, कमरेवरून फेकायचा. उजवा हात तिच्या पाठीवर, डाव्या हातात तिची बाही, वळायचं, गुडघ्यात वाकायचं आणि कमरेवर उचलून पुढं टाकायचं. सांगायला दोन ओळी लागल्या, मला दोन महिने लागले. गुडघा वाजतो, पण आता वळता येतंय.

ऑक्टोबरात मुलींची पट्ट्याची परीक्षा आहे. पांढऱ्याचा पिवळा होतो. मॅडमनी यादीत माझं नाव घातलंय. मी नको नको म्हणाले, पण खोलीवर येऊन आरशापुढं पिवळी ओढणी कमरेला बांधून बघितली, हे पण खरं.

त्याच्या आधी मालूची ठाण्याला जिल्हा स्पर्धा आहे. मॅडम म्हणतात पोरीत दम आहे. आमी रोज घाम गाळतोय.

दादाला सांग, हात दोन्ही शाबूत आहेत. पोळ्याला केलेल्या करंज्यांचं वर्णन करून पाठवू नको, इथं बसून जीव तुटतो. बाकी लोभ आहेच.

तुझी,
सावळी


मुलींचे वसतिगृह, मुरबाड
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामीस,
मालूचा शि. सा. न.

तुमी मला ओळखत नाय. मी सावळीमावशीची ज्युदोतली जोडीदार. मावशी तुमचंच नाव सारखं घेते, म्हणून तुमाला मामी लिवलं. पत्ता तिच्या ट्रंकेवरच्या पाकिटावरून घेतला, चूक झाली असेल तर माफ करा.

मी ठाण्याला हरले. वीस सेकंदांत. समोरच्या मुलीनं धरलं आणि मी पडले, कधी ते पण कळलं नाय. मॅडम म्हणाल्या, तुला आजवर कोणी खरं फेकलेलंच नाय, मग समोरची फेकायला आली की कसं वाटतं ते तुला कळणार कुठून.

मंग पट्ट्याची परीक्षा झाली. मावशी मला फेकायला वळली, पण मी हवेत गेल्यावर तिनं बाही सोडली आणि मला लागू नये म्हणून खाली हात घातला. मी वाकडी पडले, खांदा सुजला. मावशी नापास झाली. त्या दिवशी तिनं माझ्या खांद्याला हळद लावली आणि दुसऱ्या दिवसापासून मॅटवर आलीच नाय. विचारलं की सांगते, मला भाकऱ्या भाजायच्यात. खांदा तीन दिवसांत बरा झाला, मामी. मी काय काचेची नाय.

मॅडम बोलल्या दुसरी जोडीदार बघू, पण माझ्या वजनाची कोण आहे इथं? फेब्रुवारीत नाशिकला खुली स्पर्धा आहे, हरलेल्यांना पण नाव देता येतं. मावशी तुमचंच ऐकते. तिला परत पाठवा. मी लिवलं हे सांगू नका.

आपली,
मालू


जांभूळटेप
२६ ऑक्टोबर २०२४

चि. सावळीस,
अनेक आशीर्वाद.

मालूचं पत्र आलं. सांगू नका म्हणालीय, पण मला लपवता येत नाय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला रागावू नको.

पत्र तुझ्या दादानं पण ऐकलं. मंग म्हणाला, ही लहानपणी कोंबडं कापायचं म्हटलं तरी घराबाहेर पळायची, हिच्यानं पोर आपटवेल कशी. मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं. पण रात उलटल्यावर वाटलं, की नाय, यात काहीतरी चुकतंय. तू त्या पोरीला वाढतेस तेव्हा कधी अर्धी भाकरी वाढलीस का? पोट भरेल एवढंच वाढतेस ना? मंग इथं अर्धं का देतेस? तुझ्या हातून तिला लागेल म्हणून तू भितेस, आणि तिकडं परकी पोरगी तिला वीस सेकंदांत पाडते. मला ज्युदोतलं काय कळत नाय. पण लागलं ते तू हात सोडलास म्हणून, फेकलंस म्हणून नाय, असं मालूच्याच पत्रात आहे. ते नीट वाच. मी पत्र सोबत घातलंय.

नव्या नव्या नोकरीत तू शंभर माणसांचा भात करपवला होतास. तुला परत आणायला तुझा दादा मुरबाडला आला, तर तू टोपातला करपा खरवडत बसलेली, आणि त्यालाच बोललीस की उद्याचा भात खाऊन मग जा. तो अजून हे गावात सांगत फिरतो.

दिवाळीला ये. फराळ खा, दोन दिवस लोळ आणि मंग सरळ मॅटवर जा.

तुझी वहिनी,
जनी


मुरबाड
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. सौ. जनीवहिनीस,
सा. न. वि. वि.

दिवाळीहून आले ती तशीच, पिशवी खाली न ठेवता, मॅडमपुढं उभी राहिले. मालू मागं उभी राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. मी मॅडमना सांगितलं की मला पोरगी टाकवत नाय, हाच माझा दोष आहे, यावर काय औषध असेल तर द्या.

त्या हसल्या नाय. मला खाली बसवून समजावलं, की फेकणाऱ्याचं काम बाही धरून ठेवण्याचं पण असतं. बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली की समोरची कुशीवर पडते, डोकं वर राहतं. अर्धवट फेक तेवढी धोक्याची. वहिनी, तू पत्रात लिवलंस तेच हे. मी पुरा जोर लावला तर ती सुरक्षित, कच खाल्ली तर तिलाच लागणार. हे डोक्यात गेलं, पण अंगात जायला वेळ लागतोय.

दादा मागच्या आठवड्यात येऊन गेला, तो येणार हे तू मला कळवलं नव्हतंस! नवा तांदूळ द्यायचं निमित्त. मी त्याला फोनवर बोलले होते की मॅडम म्हणतात सायकलची ट्यूब झाडाला बांधून सराव करायचा, तर त्यानं आपल्या जुन्या सायकलची ट्यूब काढून आणलेली. स्वयंपाकघरामागच्या चिंचेला आपल्या हातानं बांधली, ओढून बघितली, गाठ पुन्हा मारली. मग मालू मला फेकायला लागली तर हा डोळे मिटून कट्ट्यावर बसला. प्रत्येक धप्प आवाजाला त्याचा खांदा उडायचा. जाताना म्हणाला, आवाजच मोठा आहे, बाकी काय नाय.

आता सकाळी पीठ मळायच्या आधी शंभर वेळा ट्यूब धरून वळते. थंडीनं बोटं वळत नाय, तरी शंभर. गुडघा वाजायचा थांबला, का वाजतो ते मी ऐकायचं सोडलं, कोण जाणे. मालूला दहा वेळा फेकायला गेले तर तीनदा नीट जमतं. मागच्या महिन्यात एकदा पण जमत नव्हतं. बाकीच्या सात वेळा हात आपोआप ढिला पडतो. ती खालून ओरडते, मावशी, सोडलंस, परत!

आठवण येते. पत्राला उशीर लावशील तर तुझ्यावर डाव करून दाखवीन.

तुझी,
सावळी


जांभूळटेप
१२ जानेवारी २०२५

चि. सावळीस,
अनेक आशीर्वाद, आणि थोडं हसू पण.

झोडणी आटपली. खळ्यात पेंढ्याचा ढीग लागलेला. मी आणि सकुबाई दोघीच होतो, मला काय वाटलं कोण जाणे, तिला बोलले की बघ, आमची सावळी पडते कशी. हनुवटी छातीला लावली, पाठ गोल केली आणि मागं पडले. हात पण आपटला! असं मऊ वाटलं गो, की तशीच डोळे मिटून पडून राहिले. तेवढ्यात तुझा दादा आला. त्याला वाटलं भोवळ आली. सकुबाई हसून हसून सांगायच्या आत त्यानं तांब्याभर गार पाणी माझ्या तोंडावर ओतलं.

आता संध्याकाळी आमी चौघी पडतो. कमळूची सून पण येते. सकुबाई पासष्टीची, ती नुसती बसून चुका काढते.

तुझा दादा कट्ट्यावर बसून रोज विचारतो की सावळीची परीक्षा कधी. मी तारीख सांगते, दुसऱ्या दिवशी परत विचारतो. मालूला आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, मामीची ओळख आता झाली.

तुझी वहिनी,
जनी


मुरबाड
रविवार, २ मार्च २०२५

ती. सौ. जनीवहिनीस व दादास,
सावळीचा सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांनी मिळून वाचा, लपवण्यासारखं काय नाय.

आधी मालूचं. नाशिकला दुसऱ्याच कुस्तीत ठाण्याची तीच मुलगी समोर आली. तिनं तसंच धरलं. मालू हलली, पण पडली नाय. मला बाजूला बसून दिसत होतं की तिला तो ओढा ओळखीचा वाटतोय. चार मिनिटं झाली, जादा वेळ दिला, आणि मग मालूनं तिला अशी टाकली की पंचांचा हात वर जायच्या आधी मी उभी राहिले. शेवटच्या लढतीत हरली, पण रुपेरी पदक घेऊन आली. येताना एसटीत तिनं तिसरी भाकरी मागितली. आपणहून!

काल माझी परीक्षा झाली. सगळ्या मुली मॅटभोवती बसलेल्या. मालूनं माझा कोट धरला, मी तिचा. मी वळले, वाकले, आणि ती कमरेवर आली तेव्हा अडुसष्ट किलो कुठं गेले कळलं नाय. हात सोडावा असं एकदा मनात आलं. नाय सोडला. बाही वर खेचून धरली आणि सगळा जोर लावला. एवढा मोठा आवाज आला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मालू कुशीवर पडली, माझ्या मुठीत तिची बाही तशीच. ती खालून माझ्याकडं बघून दात काढत होती.

मॅडमनी आणखी चार वेळा करायला लावलं. चारी वेळा झालं.

वहिनी, एवढं वय झालं, मी आजवर कुठल्याच माणसावर पुरा जोर लावला नव्हता. रागानं नाय, मायेनं पण नाय. कायम थोडा राखून, कोणाला लागेल, कोण काय म्हणेल. काल सगळा लावला आणि कोणाला काय झालं नाय. उलट पोरगी हसत होती. मॅटच्या कडेला बसून मी रडले थोडी, पण ते रडणं बरं होतं. दादाला सांगताना ही ओळ गाळलीस तरी चालेल.

पिवळा पट्टा मॅडमनी बांधला. रात्रीचं जेवण मुलींनी केलं, मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाय. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी पंगतीत बसले आणि मालूनं मला वाढलं. आमटी खारट झालेली. मी दोनदा घेतली.

पुढच्या शनिवारी चार दिवस रजा काढून येते. खळं झाडून ठेवा, पेंढा हलवू नका. तुमा दोघांचा हात असाच माझ्या पाठीवर राहू द्या.

तुमची,
सावळी