रिकामे डबे परत करावेत

३ जून
पोचले एकदाची! मेडिकलला नंबर लागला आणि होस्टेलची खोलीही मिळाली. साथीमुळे चौदा दिवस खोलीतच कोंडून घ्यायचंय. दार उघडायचं ते फक्त डब्यापुरतं. खिडकी, टेबल, माणूस मावेल एवढं लोखंडी कपाट. सगळं माझं एकटीचं! दारावर रेक्टरबाईंची पाटी आहे, रिकामे डबे परत करावेत. भरलेला डबा परत गेला तर मुलगी आजारी समजून थेट वॉर्डात हलवतात म्हणे. आईचा फोन आला. जेवलीस का, यापलीकडे तिला प्रश्नच नसतो.

५ जून
ऑनलाइन वर्ग सुरू झाले. हाडांचे संच कॉलेजात कुलपात पडलेत, म्हणून सर म्हणाले, स्वतःचीच हाडं चाचपून शिका. मी कॅमेऱ्यासमोर गळ्याखालचं हाड दाखवलं. सर सगळ्यांना म्हणाले, हिचं बघा, अगदी पुस्तकातल्यासारखं. मी हवेतच! बाकीच्या मुली मांसात बोटं खुपसून हाड शोधत होत्या. बघवेना.

९ जून
डब्याचं झाकण उघडलं की मळमळतं. अंड्याला घाम सुटलेला, रश्श्यावर तेलाची साय, भाताचा कोमट गिच्च गोळा. पुस्तकात चरबीचं चित्र आहे, पिवळं, दाणेदार. अंड्याचा बलक हुबेहूब तसाच! सगळं पिशवीत ओतते आणि पिशवी कपाटात. शेजारच्या खोलीतल्या सीनियर ताईने फोनवर ओळखलंच. तिचंही पहिल्या वर्षी असंच झालेलं, उपचार घेऊन बरी झाली. आत्ताच कुणाला तरी सांग, म्हणाली. मी फोन ठेवला. उद्याच्या डॉक्टरला ही काय अक्कल शिकवणार?

१२ जून
कपाटातून आंबूस वास येतोय. उघडलं तर पिशव्या फाटलेल्या, आत शीतसुद्धा नाही. उंदीर असणार.
पण उंदीर ढेकर देतो?

१४ जून
उंदीर नाही. कपाटाच्या फटीतून बोटं बाहेर आली. गुबगुबीत, तेलकट, नखांत भात. अंगठ्यावर भाजल्याचा डाग, माझ्या अंगठ्यावर आहे तोच. ओकारी आली, पण पडायला पोटात काही नव्हतं. पिशवी दिली नाही की कपाटातली ती आतून धडका देते. दिली की मचमच, मचमच. मी वाळतेय, ती भरतेय. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते.

१५ जून
आईचा व्हिडिओ कॉल. मी उचलायच्या आत कपाटातली ती बाहेर आली — माझा ड्रेस तिला नीट बसतो. हनुवटीवरचा रस्सा चाटत बोलत होती. आई हरखली. गालांवर तजेला आलाय, माझी काळजी मिटली, म्हणाली. मी कोपऱ्यातून हाक मारली. आवाजच फुटेना.

१६ जून
ताईचं ऐकायला हवं होतं. पण माझा फोन आता कपाटातून आलेल्या हिच्या हातात. साथ वाढलीय, उद्या सगळ्यांना घरी पाठवणार. मला जगायचंय. डोळे मिटून डब्यातला घास तोंडात घातला, चावला, गिळला —
तो तिच्या गळ्याखाली उतरला. मी पाहिलं.

१७ जून
मी कपाटात, वहीसकट. तिने कधी ढकललं — आठवत नाही. फटीतून दिसतंय, बाबा न्यायला आलेत. तिला जवळ घेतलंय, डोक्यावरून हात फिरवतायत. मी दार ठोकते — हाडांचा नुसता खडखडाट —
बाबा वळले. येतायत. उघडलं!
माझ्याकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला. हे काय ठेवलंय, विचारलं. ती म्हणाली, हाडांचा संच, अभ्यासाचा.
बाबा, डोळे बघा माझे, हलतायत — बाबा, दार नका ला