मोरगिरीचा नारळ

३० सप्टें. १९३४, रवि. लोणावळा
पाऊस उघडला. ड्यूटी संपवून बाहेर आलो तर तारघराच्या पायरीवर सखाराम बसलेला. बाजाराला आला होता म्हणे. "नवरात्रात मोरगिरी. दत्तू मास्तराला सांगून ठिव." विचारणं नाहीच, हुकूम! म्हटलं, रजा काय तुझा बाप देणार? हसला नुसता.

तो भातात राबतो, मी तारेची टिकटिक ऐकतो, दत्तू मास्तर पोरांना भागाकार शिकवतो. पण डोंगराचं नाव निघालं की तिघंही परत एका बाकावर. नारळ माझ्याकडे. माथ्यावर जाखमातेच्या नावानं फोडायचा. नियम शाळेपासूनचा: माथ्याखालच्या सपाट खडकावर थांबायचं, तिघं जमल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही. म्हणजे दरवर्षी दत्तूची वाट बघायची.

१५ ऑक्टो., सोम.
काल मोरगिरीवर सखाराम पडला.

रानानं वाट गिळली होती. गेल्या साली कारवी फुलली, यंदा सगळी वाळून उभी. अंगाला लागली की खडखडायची. स. कोयत्यानं तोडत पुढं. पायथ्याला त्यानंच बजावलं होतं, "फुलून गेलेली कारवी म्हंजी सरपण. तिला धरायचं न्हाई, दगड धरायचा." आम्ही व्हय-व्हय केलं.

सपाट खडकाच्या अलीकडे कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट. तिथं कारवीचं एक दांडगं झुडूप, आमची 'म्हातारी'. इतकी वर्षं तिचा हात धरूनच पलीकडे गेलोय. स.चा हात सवयीनं तिच्याकडे गेला. दगड शेजारीच होता. म्हातारी मुळासकट हातात आली. स. खालच्या टप्प्यावर, उजवा पाय अंगाखाली.

"आई गं" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "म्हातारीनं दगा दिला रं."

पायथ्याच्या, स.च्या वाडीवरची माणसं आली. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. कामशेतपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वेच्या ओळखीच्या गार्डानं आपल्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये घेतलं. तळेगावच्या दवाखान्यात ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, हाड दोन जागी. पाय राहील, पण कसा राहील ते आज सांगता येत नाही.

नारळ पिशवीत तसाच.

१७ ऑक्टो., दसरा
दवाखान्यात सोनं दिलं. स.नं आपट्याचं पान उशीखाली ठेवलं. रागानं फुगलो होतो, तोंडातून गेलंच, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण!" म्हणाला, "पाषाणच धरायचा व्हता बाबू, तितंच चुकलं." दत्तू हसला आणि हसता हसता बाहेर निघून गेला.

११ नोव्हें., रवि.
स.च्या भाताची कापणी. दत्तू आणि मी दोघंही गेलो. बांधावरच्या बायांना फुकटचा तमाशा. माझ्या तळहाताला फोड, दत्तूची कंबर धरलेली. स.ची आई म्हणाली, "राहू द्या, तुमच्यानं न्हाई व्हायचं." पण भाकरी वाढताना दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं.

नारळ तिच्याकडे दिला, देव्हाऱ्याशी ठेवायला.

२३ डिसें., रवि.
प्लास्टर निघालं. पाय वाकडा जुळलाय. गुडघा पुरता वाकत नाही. स. पायाकडे असा बघत होता, जणू तो कुणी परक्यानं आणून ठेवलाय. डॉक्टरांना विचारलं, डोंगर? ते म्हणाले, आधी अंगण तर चालू दे.

हे मी त्याला सांगितलं नाही. त्यानं ऐकलंच असणार.

१३ जाने. १९३५, रवि.
वाडीवर. उद्या संक्रांत. स. पडवीत, भिंतीकडे तोंड करून. आई बोलली, "देवीचा नारळ हाय. घरात किती दिस ठिवायचा? तुमी दोघं जा आन् फोडून या. ह्येचं काय खरं न्हाई आता."

त्याच्यासमोर बोलली. वाईट हेतूनं नव्हे, थकलीये बिचारी.

परतताना दत्तू म्हणतो, सख्याच्या आईचं ऐकू या, देवीचं काम आहे. मी भडकलो. म्हटलं, माथ्यावर तू आणि मी उभे राहायचं, आणि तो पडवीत? तो म्हणाला, आणि तो कधीच आला नाही तर? नारळ जन्मभर सांभाळणार आहेस?

कामशेतपर्यंत त्याच्या दहा पावलं पुढं चालत गेलो.

१७ फेब्रु., रवि.
स. काठीवर विहिरीपर्यंत जातो. आज वाडीच्या टेकाडावर चढून दाखवलं. उतरताना दोनदा बसला. घामानं भिजला होता, पण आम्ही हात पुढं केला की शिवी. शिव्या परत आल्या, माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही निघालो तेव्हा म्हणाला, "होळीच्या आदी जाऊ." कुठं ते म्हणाला नाही.

दत्तूशी बोललो, जायचं तर तिघांनीच. म्हणाला, "माझ्याही मनात हेच होतं रे. पण भीती वाटते." मलाही वाटते.

१० मार्च, रवि. मोरगिरी, सपाट खडक
इथंच बसून लिहितोय. शिसपेन दत्तूची. जन्मात पहिल्यांदा तो माझ्याबरोबर वर पोचलाय.

पायथ्याला स.नं नारळ माझ्या हातात दिला. "तुमी व्हा फुडं. मी माज्या पायांनी यीन. कुणी माघारी आलं तर दोस्ती तुटली." आई दारात उभी. पदर तोंडाशी.

आडव्या वाटेवर म्हातारीच्या जागी नुसता खड्डा. भोवती नवी कारवी उगवलीये, गुडघ्याएवढी. धरायच्या लायकीची व्हायला अजून किती सालं लागतील.

हाक मारली. ओ आली, पण रानातून, पार खालून.

नारळ कानाशी हलवला. पाणी आटलंय, खोबरं आत सुटून खुडखुडतंय. दत्तू म्हणाला, "ऊन कललं. खाली जाऊन आणू त्याला." मी म्हटलं, नाही. बरोबर म्हणालो का, देव जाणे.

आता काठी ऐकू येते. टक्, मग पाय ओढल्याचा आवाज, मग टक्. जवळ येतेय.

आडव्या वाटेशी आला. काठी थांबली.

दत्तू उठला होता. सदरा धरून खाली बसवला त्याला. इथून वाट दिसत नाही, मधे कातळ आहे. "दगड धर रे, सख्या," दत्तू पुटपुटतोय, तेच तेच.

काठी अजून वाजली नाही. नारळ मांडीवर घेऊन बसलोय.