तो पॉजच होता

सर,

तुम्हाला सर म्हटलेलं आवडायचं नाही. "मला कुठल्या राणीने सरदारकी दिलेली नाही," म्हणायचात. पण आजोबांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ काही वळेना. इथे सगळेच मारतात, तुमची नातसुद्धा मारायची, आणि मला दर वेळी कसंतरीच व्हायचं. शेवटी आपला तह झाला. मी सर म्हणायचं, आणि तुम्ही माझ्या नावाची मोडतोड करणं थांबवून मला 'नागपूर' म्हणायचं. गावाच्या नावाने मला हाक मारणारे तुम्हीच पहिले आणि शेवटचे. आज मराठीत लिहितेय. यातलं एक अक्षर तुम्हाला कळलं नसतं, म्हणून जरा मोकळं वाटतंय. इंग्रजीत लिहायला बसले की मी सगळा जीव व्याकरणात घालते आणि म्हणायचं ते राहून जातं.

न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेत आम्ही आलो तेव्हा माझा व्हिसा डिपेंडंट. नवरा कामाला, मुलगी शाळेत, आणि मी अपार्टमेंटच्या खिडकीत. नोकरी करायची नाही, कायद्यानेच बंदी. आई फोनवर विचारायची, "दिवसभर काय करून राहिली तू तिकडे?" तर सांगायला काही नसायचं. तेवढ्यात लायब्ररीच्या बोर्डावर कागद दिसला, गावातल्या हौशी नाटकाला व्हॉलंटियर पाहिजेत. नागपूरला कॉलेजपासून लग्नापर्यंत मी नाटकांत होते. स्टेजवर नाही हो, विंगेत. प्रॉम्प्टर. माझी कुजबूज म्हणे बरोबर नटाच्या कानात जायची, पहिल्या रांगेला पत्ता लागायचा नाही. मी गेले. आधी बटणं शिवली, मग इंटरव्हलला कॉफी विकली, आणि मग आमच्या दिग्दर्शिकेने, ती शाळेत शिकवायची, मला संहिता देऊन बसवलं. इथे त्याला ऑन बुक म्हणतात. मी म्हटलं, हे तर आपलं घरचंच काम.

आणि पहिल्याच तालमीला तुम्ही माझी अशी काही काढलीत, की बास! तुम्ही एक वाक्य म्हणून थांबलात. आमच्याकडे नट थांबला की प्रॉम्प्टरने पुढचं वाक्य द्यायचं, श्वासाचीही वाट बघायची नाही. दिलं मी. तुम्ही सावकाश वळलात. "यंग लेडी, मी तिथे गप्प होतो. ती माझी जागा आहे. ती तुम्ही खाल्लीत." सगळी तालीम थांबलेली. मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही विसरलात. "विसरलो तर मी 'लाइन' म्हणेन. तोपर्यंत एक अक्षर नाही." माझ्या कानशिलांतून वाफा यायला लागल्या. घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "यार, तू कॅन्सल करून टाक ना. फुकटच तर करतेयस." मी म्हटलं, कॅन्सल कशाला? आता त्यांच्या नाकावर टिच्चून बसते. दुसऱ्या दिवशी मी तोंड असं घट्ट मिटून बसले, की तुम्ही तीनदा 'लाइन' म्हणालात तरी मला ऐकू आलं नाही. तुम्ही हसायला लागलात. मीही हसले. झालं, राग तिथेच मेला.

तुम्ही कोण होतात हे मला नंतर कळलं, तेही औषधांच्या दुकानात. तुम्ही गाडी चालवणं सोडलं होतंत, आणि मी नवीनच ड्राइव्ह करायला लागले होते, म्हणून राइड माझ्याकडे. तुमच्या जिवावर उदार होण्याला माझा सलाम. दुकानाच्या रांगेतल्या एका बाईने तुमच्याकडे टक लावून बघितलं आणि "डॉक्टर!" म्हणून सरळ गुडघा पुढे केला. टीव्हीवरच्या दुपारच्या मालिकेत तुम्ही वर्षानुवर्षं एका गावाचे डॉक्टर होतात, तिची आई तुमच्यासाठी इस्त्री थांबवायची म्हणे. तुम्ही तिला सांगितलं नाहीत की बाई, मी खोटा आहे. गुडघ्याची चौकशी केलीत, खऱ्या डॉक्टरकडे जायचं कबूल करून घेतलंत, आणि तिच्या आईला नमस्कार सांगितलात. मला त्या दिवशी तुम्ही फार आवडलात, आत्ता सांगते.

मग हळूहळू, गाडीत, सिग्नलला थांबलो की एकेक कळत गेलं. वडील दुधाची गाडी चालवायचे. तुम्ही न्यूयॉर्कला येऊन दिवसा लोकांचं फर्निचर हलवायचात आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या भूमिकेची सगळी वाक्यं पाठ करून विंगेत बसायचात, तो आजारी पडलाच तर म्हणून. "तो कधी पडला?" मी विचारलं. "घोड्यासारखी तब्येत होती त्याची," तुम्ही म्हणालात, आणि त्यात एवढंसंही कडूपण नव्हतं. मग मोठ्या रंगमंचावर बारक्या भूमिका. न्यायाधीश, शेजारी, पाद्री, ज्याचा चेहरा सगळ्यांना आठवतो आणि नाव कुणालाच नाही असा माणूस. पोलिसांच्या मालिकांत तर तुम्ही नेहमी मरायचात. एकदा माझ्या लेकीने टीव्हीवर तुम्हाला रक्ताच्या थारोळ्यात बघितलं आणि किंचाळली, "मॉमी, आजोबा डाइड!" मी कितीही समजावलं तरी ऐकेना, शेवटी तुम्हाला फोन लावून दिला. तुम्ही काय म्हणालात माहितीये? "हो, मेलो होतो. पण आता बरं वाटतंय." ती इतकी खूश झाली, की कुणाचं काही दुखलं की तेच सांगायची.

मी तुमच्याकडून काय शिकले, तर आधी मागे जाऊन बसायचं. तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन तुम्ही शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचात, जिथून खांब मध्ये येतो. तिथून स्टेज बघायचात. "इथे बसणारा माणूस चिडलेला असतो," तुम्ही सांगितलंत, "त्याला काही दिसत नाही. निदान ऐकू तरी जाऊ दे." हौशी नाटक, फुकटचं काम, शाळेचा हॉल, आणि त्यात तुम्ही त्या खांबामागच्या माणसासाठी आवाज लावताय. मला वाटायचं, अरे देवा, आमच्याकडे दोन बक्षिसं मिळाली की नट तालमीला यायचे बंद होतात. तुम्हाला एकही मिळालेलं नव्हतं. किंवा म्हणूनच असेल, मला काय कळतंय.

आणि मग तो बापाचा रोल आला. मुलगी कायमची घर सोडून निघालीय, बापलेकींचं वर्षानुवर्षं वाकडं, आणि शेवटच्या प्रवेशात बाप तिला एवढंच म्हणतो की निघण्यापूर्वी थोडं काहीतरी खाऊन घेतलंस तर बरं. बस्. माफी नाही, रडारड नाही, हेच त्याचं सगळं बोलणं. तुम्ही ते पहिल्यांदा वाचलंत तेव्हाच मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. पण त्या तालमींना तुम्ही 'लाइन' फार वेळा म्हणायला लागलात. दिग्दर्शिकेने दुसऱ्या एका गृहस्थाला तालमीला येऊन बसायला सांगितलं होतं, सहज म्हणून. तुम्हाला ते सहज काय असतं ते चांगलं माहीत होतं, उभं तारुण्य त्या खुर्चीत काढलेलं. घरी जाताना गाडीत तुम्ही म्हणालात, "नागपूर, शब्द चाललेत. माझा डॉक्टर म्हणतो. खरा डॉक्टर." मी स्टिअरिंग घट्ट धरलं. म्हटलं, सर, मग हे कशाला? कशाला जिवाला लावून घेता? तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "हे शेवटचं आहे. हे मला कुणाच्या टेकूशिवाय करायचंय. प्रयोगात मी 'लाइन' म्हणणार नाही. थांबलो तर तू ठरव." मी कशी ठरवणार? मी घाबरूनच गेले. तुम्ही म्हणालात, "डोळे बघ. अभिनय करत असेन तर मी कुणाकडे तरी बघत असेन. विसरलो असेन तर काहीतरी शोधत असेन."

प्रयोग चांगले झाले. एकेक झाला की मी देवाला हात जोडायचे, नवरा म्हणायचा, "नाटक त्यांचं आणि बीपी तुझं." शेवटचा रविवारी दुपारचा. हॉल भरलेला, आपली मराठी मंडळी पण मी ओढून आणलेली, आमच्या शेजारचे काका-काकू पुढे बसलेले. शेवटचा प्रवेश. मुलगी बॅग घेऊन दारात, ठरल्याप्रमाणे पाठमोरी. तुम्ही टेबलापाशी, आणि तिथे रोज तुम्ही तिच्याकडे वळायचात. त्या दिवशी वळला नाहीत. पाठ माझ्याकडे, मान खाली, हात खुर्चीच्या पाठीवर. आणि गप्प. मी डोळे बघायला वाकतेय, डोळेच दिसत नाहीत! रोज एवढं थांबत नव्हतात तुम्ही. हॉलमध्ये कुणी खोकेना. वाक्य दिलं आणि हा पॉज असला, तर तुमची जागा मी पुन्हा खाल्ली, तीही शेवटची. नाही दिलं आणि तुम्ही तिथे बुडत असलात, तर मी काठावर बसून बघत राहिले. त्या मुलीच्या हातातली बॅग थरथरायला लागली तेव्हा मला राहवेना. मी वाकले आणि कुजबुजले. पण इंग्रजी आलंच नाही तोंडात. घाबरलं की माणूस घरचं बोलतो. माझ्या तोंडून निघालं, "जेवून जा."

तुमचे खांदे किंचित हलले. मग तुम्ही वळलात, मुलीकडे बघितलंत, आणि लेखकाचं वाक्य, अक्षर न् अक्षर, इतक्या हळू आणि इतकं स्पष्ट म्हणालात, की खांबामागच्या माणसालाही गेलं असणार. आमच्या काकू हुंदका देऊन रडल्या. पडदा पडला. दिग्दर्शिका धावत आली, तुम्हाला मिठी मारली, "हा पॉज कुठे लपवून ठेवला होतात?" तुम्ही तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंत. नंतर विंगेतल्या माझ्या स्टुलावर बसलात, हात गार पडलेले. "ते काय होतं?" मी लाजून मेले. सांगितलं, मराठीत गेलं हो, ईट अँड गो. तुम्ही दोनदा पुटपुटलात, जेवून जा, जेवून जा, आणि म्हणालात, "आमच्या लेखकाला केवढं लांब लिहावं लागलं."

त्यानंतर तुम्ही स्टेजवर आला नाहीत. पुढे केअर होममध्ये मी यायचे, तुम्ही कधी मला नर्स समजायचात, कधी कुठल्या तरी जुन्या नाटकातली बहीण, आणि मीही बिनदिक्कत बहीण व्हायचे, तुमच्याच हाताखाली शिकलेली. २००८ च्या वसंतात गेलात. शोकसभेला सगळे त्या रविवारबद्दलच बोलत होते. मुलीचं काम केलेली ती बाई माझ्याजवळ आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "तू ऑन बुक होतीस, तुलाच माहीत असणार. माझी तर पाठ होती. तो विसरला होता का गं?" मी एक क्षणही थांबले नाही. म्हटलं, "छे! तो पॉजच होता." तिने माझा हात दाबला आणि किती हलकी होऊन गेली ती.

आता आमचं ग्रीन कार्डही झालंय, मी त्याच हॉलमध्ये नाटकं बसवते, नवीन पोरांना ही गोष्ट सांगते आणि शेवट तोच सांगते. कुणाला शंका येत नाही. हे पत्र टाकायला पत्ताही नाही आणि टाकायचंही नाहीये, म्हणून इथे लिहिते. मला माहीत नाही, सर. तुम्ही विसरला होतात का थांबला होतात, मला खरंच माहीत नाही. त्यानंतर शब्द अजून तुमच्याजवळ होते तोवर आपण गाडीत शेजारी बसून कितीतरी वेळा गेलो-आलो. विचारता आलं असतं. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत, आणि तेच मला नको होतं.