अळूवडीने फोडलेली पानं

प्रिय श्रीपत यास प्रल्हादचा नमस्कार.

तुझी कंबर आता कशी आहे? हंसावहिनींना नमस्कार सांग आणि केळीचा घड पोचला म्हणून कळव (निम्मा शेजाऱ्यांच्या पोटात पोचला, ते सांगू नकोस). तुमच्या गिरीजहून आमचं विरार काही लांब नाही, फोनच केला असता. पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं सुनंदाला ऐकू जातं, आणि मजकूर तिच्याबद्दलच आहे. तिच्याबद्दल आणि तुझ्या धाकट्या भावाबद्दल. दचकू नकोस, पुढे वाच.

तुमचा भूपेश दर रविवारी दुपारी आमच्याकडे पोकर खेळायला येतो, हे तुला ठाऊक आहेच. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो, पण हरणं ते हरणंच. येताना तो वाडीतली अळूची पानं आणतो, सुनंदा वड्या करते, तो वड्या खातो आणि वर माझे चिंचोकेही जिंकतो. शेवटी मी मोबाइलवर व्हिडिओ बघून समोरच्याची देहबोली वाचायला शिकलो. मान खाजवणारा हमखास थापा मारत असतो, असं त्यात होतं. भूपेश मान खाजवायला लागला तसे मी होते नव्हते ते चिंचोके पुढे सारले. त्याच्याकडे निघाले तीन बादशहा! (सकाळी अळू कापलं होतं म्हणे, त्याची खाज. व्हिडिओवाल्याने जन्मात अळू कापलेलं नसणार.)

मग न राहवून विचारलं, माझ्या तोंडावर तुला असं दिसतं तरी काय? तर म्हणाला, "भाऊ, तुमचं तोंड कोन बघतो? मी वयनीकडं बघतो."

म्हणजे झालं असं, की सुनंदा माझ्या मागे उभी राहून माझी पानं बघते. चांगली असली की बांगड्या मागे सारते, आणि भिकार असली की दया येऊन माझ्या बशीत दोन अळूवड्या वाढते. मी त्याला बायकोची माया समजून खात होतो! खरं सांगतो श्रीपत, जळफळाट झाला माझा. चिंचोके गेले खड्ड्यात. इतकी वर्षं संसार केला मी, आणि तिला वाचायला शिकला तो, चार रविवारांत. त्या तिरमिरीत मी तिला सांगून बसलो, की यापुढे डाव चालू असताना तू आतच बस.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. तेव्हापासून सुनंदा काहीही विचारलं तरी "काही नाही" एवढंच म्हणते आणि भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवते. याचा अर्थ काय, तेवढं भूपेशला विचारून कळव (माझं नाव न घेता). खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

पुन्हा ता. क. हे पाकिटात घालत होतो, तोच सुनंदा मागे येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती, कोण जाणे. माझ्यापुढे बशी ठेवून गेली, दोन अळूवड्यांची. आता पत्र नको, फोनच कर.