अकरा हजार माणसं आणि हवेचा शोध

चि. ठमाबाई हिस मामाचे, आणि शेजारी बसून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्या मामीचे, भरभरून आशीर्वाद.

तुझे डोळे कसे आहेत? पाठ अजून धरते का? (दिवसभर संगणकासमोर बसून अंतराळातल्या लढायांचे खेळ बनवणाऱ्या भाचीला दुसरं काय विचारणार!) ऑपरेशननंतर माझा गुडघा झकास आहे. श्रेय डॉक्टर घेतात, पण ते खरं तुझं. कसं ते सांगतो.

पडल्या पडल्या विरंगुळा व्हावा म्हणून तू नवा खेळ पाठवलास आणि कुठे अडतं ते कळवा म्हणालीस. अगं, मी उंबरठ्यातच अडलो. एक ग्रह, त्यावर अकरा हजार माणसं आणि पुढ्यात एकशे चाळीस शोधांची यादी. आधी कोणता लावायचा ते आपण ठरवायचं. मी चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली. 'जेवणानंतर दोन चमचे' असं बाटलीवर लिहिल्याशिवाय कुणाला खोकल्याचं औषधसुद्धा दिलं नाही. आणि तुझ्या यादीत 'अनुनादी गुरुत्व-प्रेरण, श्रेणी दोन'! (श्रेणी एक कुठे गेली?) नाव भारदस्त वाटलं म्हणून तेच घेतलं. जहाजं तीन टक्के जोरात पळू लागली, आणि माणसं पटापट मरू लागली. 'वातावरणीय पुनर्संतुलन' म्हणजे साधी श्वासाची हवा, हे मला सगळे गेल्यावर कळलं.

त्या दुपारी मी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. मामीचा आणि माझा तेव्हा चार दिवस अबोला होता (ती म्हणायची चाला, मी म्हणायचो दुखतंय). माझं तोंड बघून तीच बोलली, "कोण गेलं?"

"अकरा हजार. माझ्या हातून."

ती हातातलं काम टाकून धावत आली. मग खेळ दिसल्यावर मला जे ऐकवलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. पण चष्मा लावलाच. मामीची सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत झाली, तुला ठाऊकच आहे. तिने वही घेतली आणि एकेका शोधाची उलटतपासणी केली: तुझ्यामुळे मिळतं काय, जातं काय, तुझ्या आधी कोण लागतं? मग नवी नावं लिहिली. 'हवा. सगळ्यात आधी हीच.' 'जहाज लांब जातं, परत येत नाही.' 'दिसायला छान, कामाला शून्य.'

दुसऱ्या डावात आमची वस्ती वीस हजारांवर गेली आणि शेजारच्या ग्रहाने आपणहून तह केला. संगणक तिने मुद्दाम बाहेरच्या खोलीत हलवला होता. "माणसं जगवायचीत ना? मग चालत या." मी दिवसातून दहादा चालत गेलो, गं. आता काठीही सुटली. घरात दुखण्याशिवाय दुसरा विषय आला. ठमे, तुझे हे उपकार मी कशात मोजू?

तुझा,
मामा

ता. क. मामीची वही सोबत आहे. हीच नावं खेळात घाल, म्हणजे आणखी कुणाची माणसं गुदमरणार नाहीत, असा तिचा निरोप.

आणखी ता. क. मामी पाकीट आणायला उठली आहे, तेवढ्यात लिहितो. माझ्या खेळात मात्र जुनी अवघड नावंच राहू देत. मला ती केव्हाच पाठ झाली आहेत, पण हे तिला सांगू नकोस. रोज शेजारी बसून ती मला पहिल्यापासून समजावून सांगते.