पडदा केवढा घ्यावा

४ मे, शनिवार
पुस्तक तोंडावर आपटलं! दुपारी आडवी होऊन वाचत होते, अंगठ्यात कळ गेली आणि ते जाडजूड धूड थेट नाकावर. रक्त नाही. अपमान मात्र भरपूर — बघायला कुणी नव्हतं तरी.

अंगठ्याचा सांधा झिजलाय. दवाखान्यातल्या बाईंनी मागेच बजावलं होतं — "ग्लेनिस, जड पुस्तकं बंद." ती बंद केली तर माझं उरलं काय? माझा नवरा रॉस गेल्यापासून या घरात आवाज दोनच. वारा आणि पान उलटणं.

टॅम्सिनला फोन केला. "आई, ई-रीडर घे ना. हलका असतो. पण आधी ठरव, सहा इंची, सात, आठ की दहा? आणि पडदा कसला हवा?"

पडदा! मी म्हटलं, "बाई गं, मला वाचायचंय, खिडक्या झाकायच्या नाहीयेत."

हसली. मग तिला कुणीतरी हाक मारली. ॲडलेडमध्ये माझ्या लेकीला सारखी कुणी ना कुणी हाक मारत असतं.

६ मे
शिवणाच्या डब्यातली टेप काढली. हे इंच म्हणे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. पुठ्ठ्याचे तुकडे कापले — सहाचा, आठाचा, दहाचा. एकेक हातात धरून खिडकीशी बसले. सहाचा तळहातात मावतो. दहाचा म्हणजे जेवणाचं ताट!

तेवढ्यात नेव्हिल दारात.
"कोऱ्या पुठ्ठ्यात काय वाचतेस गं?"
"तुझं भविष्य."
"काय लिहिलंय?"
"बूट काढून आत येशील, असं. खोटंच निघणार."
खोटं निघालं.

पलीकडच्या कुरणात राहतो. आमच्या या बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ ट्रॅक्टरने ओढून आणायचं, वाळवायचं, विकायचं — जन्म गेला त्यात. बायको मेलबर्नला गेली ती गेलीच. तो रॉसचा मित्र, माझा नव्हे. पण रॉस गेल्यापासून दर आठवड्याला काहीतरी घेऊन उगवतो. कधी शेवंड, कधी वॉलबीचं, म्हणजे छोट्या कांगारूचं मांस, काहीच नसलं तर कुठलं कुंपण मोडलं त्याची बातमी. वास त्याच्याआधी आत येतो आणि त्याच्यानंतर जातो. तो गेला की मी खिडक्या उघडते.

आज जरा उशिराच उघडल्या.

१० मे
पोस्टातल्या जोसलिनने तिचा ई-रीडर आठवडाभर वापरायला दिला. सहा इंची. "वापरून बघ, मग पैसे घाल," म्हणाली. शहाणी बाई.

व्हरांड्यात उन्हात बसले. कमाल आहे! फोनचा पडदा उन्हात मेल्यासारखा होतो, आणि हा उन्हात जास्तच स्पष्ट. यात म्हणे खरीखुरी काळी शाई असते, बारीक बारीक कणांची, ती वर येते नि खाली जाते. उजेड डोळ्यात घुसत नाही, कागदावर पडतो तसा वर पडून राहतो. वजन तर टोस्टच्या दोन तुकड्यांएवढं. अंगठा खूश.

पण माझ्या डोळ्यांना अक्षर मोठं लागतं. मोठं केलं की एका ओळीत चार शब्द! पाखराने दाणे टिपावेत तसं वाचायचं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. सहा इंच बाद.

१२ मे, रविवार
मातृदिन. टॅम्सिनचा फोन. पाऊण वेळ फोन तिने बसमध्ये धरला होता, मला बसचाच आवाज ऐकू आला. "रंगीत टॅबलेट घे आई, त्यात सगळंच येतं." मला सगळं नकोय. मला पुस्तक हवंय.

चहाबरोबर खायचे स्कोन केले. दोन उरतील अशा बेताने करूनही सहा उरले.

१५ मे
नेव्हिलने त्याचा ई-रीडर आणला! त्याच्याकडे असा काही आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मुलाने नाताळला पाठवला होता. अजून वरची पातळ फिल्मही काढली नव्हती. दहा इंची, शाईचाच पडदा.

"का नाही वापरलास?"
"कुणाला सांगू, काय वाचलं ते? ट्रॅक्टरला?"

मी उठले. चहा टाकला.

मांडीवर उशी, उशीवर ते ताट. मोठं अक्षर करूनही ओळ भरलेली, परिच्छेद परिच्छेदासारखा दिसतो. वाचन म्हणजे हे! पण उशी सोडून हातात धरलं की मनगट बोलायला लागतं.

आणि एक खोट आहे. पानाच्या मधोमध ओळी खाली झुकतात. ओले कपडे वाळत घातले की दोरी झुकते ना, तशा.

नेव्हिलला म्हटलं, "तुझा पडदा वाकलाय."
त्याने घेऊन बघितलं, लांब धरून बघितलं, तिरका धरून बघितलं. "सरळ आहेत की सगळ्या ओळी!"
"बसलायस का त्याच्यावर कधी?"
"खोक्यात होता तो, ग्लेनिस!" रुसून गेला. शेवंड मात्र ठेवून गेला.

१७ मे
जोसलिनचाही वाकलाय.

परत द्यायच्या आधी शेवटचं बघावं म्हणून उघडला, तर तिथेही मधोमध तोच झोल. दोन वेगळ्या माणसांचे, दोन वेगळ्या मापांचे पडदे, आणि वाकले एकाच जागी?

खिडकीकडे बघितलं. चौकटीची उभी पट्टी मधे फुगलेली. डावा डोळा झाकला तर जास्तच फुगली, आणि पोस्टाच्या पाकिटावरच्या माझ्याच नावाच्या जागी मधे राखाडी डाग. उजवा झाकला — सगळं सरळ. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

ई-रीडरच्या पडद्यात खोट नाही. खोट माझ्या डोळ्याच्या पडद्यात आहे.

१८ मे
कुणाला सांगितलं नाही. सांगायला कोण आहे म्हणा. टॅम्सिन घाबरेल, आणि घाबरूनही यायला जमायचं नाही. मग मलाच तिची समजूत घालत बसावं लागेल.

दिवसभर डोळा झाकून घर बघत हिंडले. रॉसचा फोटो डाव्या डोळ्याने रॉस आहे. उजव्याने नुसती टोपी आणि खांदे.

रॉस असता तर काही बोलला नसता. समोरच्या खुर्चीत त्याचं बोटींचं मासिक घेऊन बसला असता. पण दोन माणसांनी न बोलता वाचत बसणं वेगळं, आणि एका माणसाने न बोलता वाचत बसणं वेगळं. हे त्याला कधी सांगितलं नाही. तेव्हा मलाच कुठे कळलं होतं?

२० मे
दवाखान्यात फोन केला. मला वाटलं पुढच्या महिन्यातली तारीख देतील. बाई म्हणाल्या, "याच आठवड्यात मेलबर्न. थांबायचं नाही." त्यांच्या आवाजाने जास्त भीती वाटली.

२३ मे
सकाळी गाडी काढायला गेले तर फाटकात नेव्हिलचा ट्रक उभा. आत नेव्हिल, धुतलेला शर्ट.
"तुला कुणी सांगितलं?"
"जोसलिनला तिकिटाचं कळलं, जोसलिनकडून मला. बेट आहे हे, ग्लेनिस. इथं शिंक दिली तर दीपगृहापर्यंत कळतं. बस."
विमानापर्यंत एक शब्द बोलला नाही. नेव्हिल! बोलला नाही! मी उतरताना फक्त म्हणाला, "आणायलाही मीच आहे."

मेलबर्न. थांबायच्या खोलीत प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझा कोट.

डॉक्टर तरुण पोरगी. नीट समजावलं तिने. डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या झिरपतात, म्हणून ओळी वाकतात. डोळ्यात इंजेक्शन. होय, डोळ्यात! आधी थेंब घालून बधिर केलं. सुई दिसत नाही, नुसता दाब. दर महिन्याला यायचं. "बरं झालं लवकर आलात. बहुतेक जण कळून कळत नसल्यासारखं करतात."
"दुसरा डोळा?"
"त्यालाही होऊ शकतं. होईलच असं नाही. लक्ष ठेवू."

निघताना विचारलं, ई-रीडर कुठला घेऊ? मला वाटलं हसेल. हसली नाही. "रंगीत शाईचा नको, त्याची पार्श्वभूमी करडी असते, अक्षर उठत नाही. साधा काळा-पांढरा बघा. पण पुढे-मागे दृष्टी उतरली तर टॅबलेटसारखा उजेडाचा पडदा बरा. काळ्यावर पांढरी अक्षरं, हवी तेवढी मोठी."

२४ मे
आज डोळ्यातली टोच कमी. विमान दुपारी, तोवर दुकानात गेले. सगळे पडदे ओळीने मांडलेले.

रंगीत शाईचा — डॉक्टरचं खरं. भांडी घासून उरलेल्या पाण्यासारखा रंग. उजेडाचा, अकरा इंची — विक्रेत्या पोरीने उलटा करून दाखवला, फळ्यावर खडूने लिहावं तशी अक्षरं, एकेक पेरभर उंच! वाचता आलं. दोन्ही डोळ्यांनी वाचता आलं. पण पाच मिनिटांत वाटलं, कुणीतरी तोंडावर बॅटरी धरलीय आणि चौकशी करतंय. मग सात इंची, शाईचा. बाजूला पान उलटायची बटणं, अंगठा न ताणता दाबता येतात. डाव्या डोळ्याने सुंदर. कागद!

"आजी, कोणासाठी घेताय?" पोरीने विचारलं.

तोच तर प्रश्न होता. आजच्या डोळ्यांसाठी घ्यायचा की उद्याच्या? उद्याच्या डोळ्यांसाठी घेतला तर आजपासूनच त्या डोळ्यांनी जगायला लागेन.

सात इंची घेतला.

नेव्हिल विमानतळावर होता. "कुठला घेतलास?" हा पहिला प्रश्न. डोळ्याचं नंतर विचारलं. बरं वाटलं.

९ जून
पुस्तक संपवलं! त्या नाकावरच्या पुस्तकाचीच ई-प्रत. डावा डोळा घोड्यासारखा धावतोय. ओळीत सात-आठ शब्द मावतात, तेवढे पुरतात.

नेव्हिल त्याचं दहा इंची ताट घेऊन आला. "एकट्याने वाचताना झोप लागते," म्हणाला. दारात उभा राहिला, खाली बघितलं, आणि बूट काढले! मोज्याला भोक. बसला रॉसच्या नाही, दुसऱ्या खुर्चीवर. ओठ हलवत वाचतो. मधेच "हात् लेकाच्या!" म्हणतो, मग मला विचारावं लागतं की काय झालं.

शेगडीत लाकडं टाकली. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही.

२० जून
दुसरं इंजेक्शन. ठीक. उजव्याची झिरपण थांबलीय म्हणे, डाग राहील. चालेल.

२८ जून
आज नेव्हिल आला नाही. पश्चिमेला वादळ, शेवाळ ढिगाने आलं असेल, कामात असेल. मी वाट बघत नव्हते. दोन कप काढून ठेवले होते, एवढंच.

११ जुलै
सकाळी ई-रीडर उघडला. ओळी झुकलेल्या.

उजवा झाकला. तरीही झुकलेल्या.

अक्षर मोठं केलं. आणखी मोठं. शेवटी पडद्यावर एकच शब्द उरला, आणि त्याचंही मधलं अक्षर गायब.

१२ जुलै
जाड पेनाने लिहितेय, ओळीवर ओळ चढत असेल. काल फोन उचलून पहिल्यांदा नेव्हिललाच लावला. लेकीला नाही, दवाखान्यालाही नाही. "आलोच," म्हणाला आणि ठेवला. आला तेव्हा ट्रॅक्टरवरच आला, ओलाचिंब. मी रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्याने माझी पाठ थोपटली, गाईची थोपटतात तशी.

उद्या तो माझ्याबरोबर मेलबर्नला येतोय. थांबायच्या खोलीत माझा कोट कुठे ठेवायचा?

२४ जुलै
हे अक्षर नेव्हिलचं. सांगतेय मी. डॉक्टर म्हणते, डाव्यातलं काही परत येईल, सगळं नाही, वेळ लागेल. मोठा उजेडाचा पडदा मागवलाय, काळ्यावर पांढरा. तोवर संध्याकाळी नेव्हिल वाचणार आणि हेही तोच लिहिणार. मागची पानं चाळायची नाहीत, मी सांगेन तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं बजावलंय. आता त्याने लिहिलेलं वाचून दाखवावं.

वाचून दाखवताना ही ओळ गाळणार आहे. दर आठवड्याला इकडे यायला कारण शोधून शोधून मी थकलो होतो, ग्लेनिस. — ने.