पायमोजे

शिरोली,
मंगळवार, १० फेब्रुवारी २००४

चि. क्रांती,
सप्रेम जयभीम. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईच्या गुडघ्याची सूज उतरलीय. म्हैस व्यायली, रेडी झाली. मला फौंड्रीत दिवसपाळी आहे.

रविवारी तू रडत गेलीस, तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. काल माझ्या हातून साचा बिघडला. मुकादम म्हणाला, "कृष्णातराव, ध्यान लावायचं तर विहारात लावा की!" सगळे हसले.

संघर्षचा अंत्यविधी वस्तीचा बौद्धाचार्य म्हणून मीच केला. पारूबाईचा एकुलता पोरगा. मोटरसायकल चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेला आणि कोठडीतच मेला. जिन्यावरून पडला, असं सांगितलं. त्याला आंघोळ घालताना पाणी ओतणारे डोक्याकडे होते, पाय माझ्या हातात. तळवे काळेनिळे, सुजून फुटलेले. जिन्यावरून पडलेल्याचे तळवे असे होत नाहीत गं.

पारूबाई बाहेर आक्रोश करत होती. तिला ते दिसू नये म्हणून मी माझे पायमोजे काढून त्याला घातले. दयेपोटीच केलं. पण त्यामुळे पाहणारा मी एकटाच उरलो.

शनिवारी ती विचारत आली, "दादा, माझ्या लेकराला मोजं का घातलासा?"

"थंडी होती," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विहारात चौथं शील म्हणताना, खोटं बोलणार नाही हे म्हणताना, माझा आवाजच फुटेना. माणसं खोळंबून राहिली. त्याच दुपारी तू आलीस आणि चौकशीला आलेल्या मानवी हक्क आयोगापुढे गप्प राहण्याची शपथ घातलीस.

काल तुझे प्रसेनजीत पोलिसाच्या वर्दीतच फौंड्रीच्या गेटवर आले होते. "मामा, तुमच्याबिगर कुणी बघितलंय? न्हाय न्हवं? मग गप बसा की. मानवी हक्क आयोगाची माणसं ती. तांबडा-पांढरा रस्सा वरपत्याल आन् दिल्लीला जात्याल. त्यास्नी शिक्षा द्याया येत न्हाय, नुसती शिफारस करत्यात."

"मग भेताय कशाला?"

ते बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी मारलं न्हाय, मामा. मी दार धरून हुतो."

क्रांती, आज मी रजा टाकून सर्किट हाऊसवर गेलो. आयोगाच्या बाईंना मराठी येतं. मी आधी विचारलं, "शिक्षा करता येत नाही, मग तुम्ही करता काय?"

"विचारतो," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी विचारायला येईल हे ठाऊक असलं, की मारणाऱ्याचा हात थांबतो. कधी कधी."

मी तळव्यांचं सांगितलं. पायमोज्यांचंही. कोठडीवर ड्युटीला कोण होतं, असं त्यांनी विचारलं. "माझा जावई होता," म्हणालो. खाली सही केली.

येताना पारूबाईकडे गेलो, तिलाही खरं सांगितलं.  ती म्हणाली, "मला बघू द्यायचं हुतं, दादा."

दार धरल्याचं मी आयोगाला सांगितलेलं नाही. दाराआड काठी कुणाच्या हातात होती, ते प्रसेनजीतनीच सांगायचं आहे. बाई शुक्रवारपर्यंत आहेत. हे पत्र प्रसेनजीतना वाचून दाखव. नोकरीचं काय होईल, मला माहीत नाही. तुझी शपथ मी मोडली, एवढं माहीत आहे.

दोघांनाही आशीर्वाद. घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

तुझ्या संसाराच्या आड आलेला,
तुझा आबा